झोपलेला काटा

नांदुऱ्यात गाड्या तोलायचे धर्मकाटे चार-पाच आहेत. नाव धर्मकाटा, धर्माशी कुणाचं किती घेणंदेणं, ते शेंबडं पोरही सांगेल. पण शालिग्राम सेठच्या कापसाच्या जिनिंगमधल्या काट्यावर माणसं वाट वाकडी करून यायची, ती काट्याच्या खोलीत बसणाऱ्या जाकीरसाठी. भाव दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असला तरी वजन जाकीरभाऊकडेच करायचं, असं म्हणणारे शेतकरी आजूबाजूच्या वीस गावांत होते.

अठरा वर्षं तो त्या खोलीत बसत होता आणि त्याचा नियम एकच होता. गाडी काट्यावर चढायच्या आधी तो कंप्युटरचा स्क्रीन खिडकीकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "शून्य पाहून घ्या." शेतकऱ्यानं शून्य बघून मान हलवली, की मगच गाडी चढायची. भरलेली गाडी असो, कापूस उतरवून आलेली रिकामी असो, सेठच्या सोयऱ्याची असो नाहीतर कुणा गरिबाची, शून्य दाखवल्याशिवाय चाक वर येऊ द्यायचा नाही. कुणी घाई केली तर तो सरळ चष्मा काढून पुसत बसायचा. मग काय बिशाद!

काट्याच्या मूळ डब्यावरचे लाल आकडे दोन वर्षांमागे विझले होते. सेठ म्हणाले, कंप्युटरवर दिसतं ना, मग कशाला खर्च? तो कंप्युटरही काही तरणाबांड नव्हता. दहा वर्षांचा खोका, आतल्या पंख्यात कापसाचा फुफाटा अडकलेला, चालू केला की दळणाच्या गिरणीसारखा घरघरायचा. जाकीर दर शनिवारी तो उघडून दाढीच्या ब्रशनं साफ करायचा. त्याची बायको गुलनार म्हणायची, घरातल्या पंख्यावर वर्षाची धूळ आहे, तिकडे कधी हा ब्रश फिरू द्या.

आता हे सगळं कुठल्या सालचं, तर गुलाबी बोंडअळीच्या सालचं. बियाण्याच्या पाकिटावर लिहिलं होतं की बोंडअळीची चिंता नको. अळीला काही वाचता येत नव्हतं. दिवाळीपर्यंत कपाशीची पऱ्हाटी हिरवीगार, बोंडं टपोरी, आणि फोडून बघावं तर आत गुलाबी अळी नि किडक्या कापसाची काळपट कवडी. जिथे दहा क्विंटल निघायचा तिथे तीन निघाला. संक्रांतीआधीच लोकांनी उभ्या पऱ्हाटीत ढोरं सोडली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या जिनिंगच्या फाटकाबाहेर जानेवारीत गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत लागायची, तिथे दिवसाला सहा-सात गाड्या यायला लागल्या. निम्मी यंत्रं झाकून ठेवली. मजूर घरी गेले.

अशात सेठचा मुलगा शौनक पुण्याहून कायमचा घरी आला. पोरगं वाईट नव्हतं, पण शिकलेल्या माणसाला वाचवायला काहीतरी लागतंच. कापूस वाचवता येईना, तेव्हा त्यानं वीज वाचवायला घेतली. एके दिवशी काट्याच्या खोलीत येऊन म्हणाला की सहा गाड्यांसाठी हा कंप्युटर दिवसभर जळत का असतो? पुढच्या हंगामात काटा ठेवायचाच की बाहेरून वजन करून आणायला सांगायचं, हा विचार चालू आहे. तेव्हा आता जमेल तिथे खर्च कमी करून दाखवा. बाहेर गाठी बांधणारं अख्खं प्रेस सुरू असताना एका कंप्युटरची वीज ती केवढी! पण बोलायचं कुणी?

जाकीरनं मात्र त्यातलं 'काटा ठेवायचाच की' एवढंच ऐकलं. वय त्रेपन्न. दुसरं काम हाताला माहीत नाही. आणि पगाराचं एक वेळ जाऊ द्या. बाजारात गेला तरी माणसं 'शून्यवाले जाकीरभाऊ' म्हणून राम राम घालायची. काटा गेला की तो रस्त्यावरचा कुणीतरी म्हातारा होणार, हे त्याला पक्कं कळत होतं.

म्हणून त्यानं ते काम जीव लावून केलं. कंट्रोल पॅनेल उघडलं, पॉवरचा कप्पा शोधला, एकेक इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचली. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीन बंद. पंधरा मिनिटं झाली की सगळं यंत्र झोपणार. कुठलंही बटण दाबलं की उठणार, आणि जिथलं काम तिथेच सापडणार. वा! तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण अर्धं काम सोडणाऱ्यांतला तो नव्हता. आणखी आत शिरला, तिथे एकेका वायरीची, एकेका भोकाची वेगळी यादी. प्रत्येकासमोर एक चौकोन, की वीज वाचवायला हेही बंद केलं तर चालेल का? जाकीरनं एकही चौकोन रिकामा ठेवला नाही. त्यातच काट्याकडून येणारी वायर होती. म्हणजे झालं काय, की कंप्युटरसोबत ती वायरही झोपायला लागली. आणि जुन्या यंत्रात अशी वायर एकदा झोपली की स्क्रीन उठतो पण वायर उठत नाही.

हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं. चहा पिऊन आला, बटण दाबलं, स्क्रीनवर शून्य आलं. गाडीवाल्यानं शून्य पाहिलं, गाडी चढली, तरी शून्य ते शून्यच. जाकीरनं वायर उपटली, परत खोचली, आकडे पळायला लागले. गाडीवाला हसला, तोही हसला. म्हणाला, "म्हातारं झालं बे, उठल्यावर आंग मोडून राह्यलं." पुढे हे रोजचंच झालं. झोपून उठला की वायर उपटायची, खोचायची, शून्य दाखवायचं. तो चौकोन काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण शौनकनं त्या आठवड्यात पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हटलं होतं, आणि अठरा वर्षांत त्या पेढीवरून आलेलं ते पहिलंच शाब्बास होतं. माणूस भुलतो हो. शिवाय शून्याचा नियम आहेच की. चूक झालीच तर शून्यावर पकडली जाईल, असं त्यानं मनाला सांगितलं.

मग तो शुक्रवार आला.

साडेबारा-पाऊणच्या सुमाराला निमगावच्या सरस्वतीबाई भाड्याच्या पिकअपमधून कापूस घेऊन आल्या. नवऱ्यामागे पाच एकर एकटीनं कसणारी बाई, बोलायला मऊ, हिशेबाला पक्की. शून्य पाहिलं, भरलेली गाडी तेवीसशे दहा किलो भरली, गाडी आत कापूस उतरवायला गेली. तेवढ्यात नेहमी सरकी न्यायला येणारा नौमान त्याची रिकामी पिकअप घेऊन आला. त्यालाही शून्य दाखवलं. गाडी चढली, सतराशे वीस किलो. इतक्यात जुम्म्याची अजान झाली. नौमान म्हणाला, चाचा, गाडी राहू द्या इथेच, नमाज पढून आल्यावर गोदामाला लावतो. दोघं सोबतच मशिदीत गेले. काट्यावर नौमानची गाडी उभी, आणि खोलीत कंप्युटर पंधरा मिनिटांनी नेमानं झोपला.

नमाजनंतर जाकीरला कुणीतरी मशिदीच्या दारात गाठलं, चार मिनिटं गेली. नौमान पुढे आला आणि गाडी काढून गोदामाकडे घेऊन गेला. सरस्वतीबाईंची गाडी कापूस उतरवून मागेच थांबली होती. जागा मोकळी दिसली तशी ड्रायव्हरनं ती सरळ काट्यावर चढवली आणि हॉर्न वाजवायला लागला. त्याला मलकापूरचं भाडं होतं. जाकीर धापा टाकत आला. गाडी तर चढलेलीच. आता शून्य कशाचं दाखवणार? उतर म्हणावं, पुन्हा चढ म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दाबला. जाकीरनं बटण दाबलं. स्क्रीन उजळला. शून्यावर अडकला असता तर त्यानं वायर उपटली असती. पण स्क्रीनवर चांगला ठणठणीत आकडा होता, सतराशे वीस. अशा पिकअपा साधारण तेवढ्याच भरतात. त्यानं पावती काढली. तेवीसशे दहातून सतराशे वीस गेले, कापूस पाचशे नव्वद किलो. सरस्वतीबाईंनी पावतीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण जाकीरभाऊचा काटा म्हणून काही न बोलता पदराच्या गाठीला बांधली.

रविवारी त्या बाजाराच्या निमित्तानं आल्या. खिडकीत उभ्या राहून अवघडत म्हणाल्या की घरच्या मोजणीनं कापूस सहाशे सत्तर होता. आता इकडची रीत अशी, की वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर. म्हणून रोज संध्याकाळी शेतातच ताणकाट्याला गाठोडं लावून प्रत्येकीचं वजन मोठ्यानं बोलायचं. सरस्वतीबाईंकडे हे काम नऊ वर्षं कलाबाई करायची. तीच बायांची मुकादम, तीच मोजणार. तिची बेरीज सहाशे सत्तर आणि जाकीरची पावती पाचशे नव्वद, मध्ये ऐंशी किलो गेले कुठे? चार-पाच किलो सुकवण समजू, ऐंशी कशी समजणार?

जाकीरच्या अंगाची लाही झाली. अठरा वर्षांत त्या खिडकीतून असा प्रश्न आला नव्हता. पावतीपुस्तक त्याच्या कोपराखाली होतं. ते उघडायला किती वेळ लागतो? पण माणसाला राग आला की हात आधी गळतो आणि जीभ सुटते.

"बाई," तो म्हणाला, "माह्या काट्यावर शून्य पाह्यल्याबिगर चाक चढत नाही. मोजणारीले विचारा."

"तुमच्यावर शंका नाही भाऊ," सरस्वतीबाई घाईघाईनं म्हणाल्या. "म्हणूनच तं तुमाले विचारले आली."

त्या गेल्या. जाकीरला दिवसभर बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं. आपण नावाला जपलं असं त्याला वाटलं. घरी जाऊन गुलनारलाही त्यानं हे रंगवून सांगितलं.

नऊ दिवसांनी नौमान पुन्हा सरकी न्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, त्या जुम्म्याला तुमच्या काट्यावर गाडी ठेवून गेलो, मागच्या गाडीवाल्याला खोळंबा झाला, तो ड्रायव्हर लई शिव्या घालत होता. जाकीर नुसता 'हाव' म्हणाला. नौमान गेल्यावर मात्र त्यानं पुस्तक काढून शुक्रवारचं पान उघडलं. नौमानची रिकामी गाडी, सतराशे वीस. त्याखाली सरस्वतीबाईंची रिकामी गाडी, सतराशे वीस. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, टाकीतलं डिझेल वेगळं, आणि वजन किलोला किलो सारखं? अठरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. गाडी काट्यावर उभी असली की आकडा जरा तरी हलतो, वाऱ्यानंही हलतो. त्या दिवशीचा आकडा हललाच नव्हता, हे त्याला आता आठवलं. तो दगडासारखा स्थिर होता आणि आपण त्यालाच ठणठणीत म्हणालो. झोपताना यंत्रानं नौमानच्या गाडीचं वजन डोळ्यांत धरलं होतं, उठल्यावर तेच परत दाखवलं.

सरस्वतीबाईंच्या त्या भाड्याच्या पिकअपचा नंबर पावतीवर होताच. जाकीरनं दुसऱ्या दिवशी तिला गाठून, गयावया करून, काट्यावर चढवली. या वेळी कंप्युटर जागा होता. सोळाशे चाळीस. सरळ ऐंशी किलोचा फरक. कलाबाईची मोजणी खरी होती.

त्यानं मागची सगळी पानं तपासली. बाकी कुठे गडबड नव्हती. एकाच गाडीला शून्य चुकलं होतं आणि तिथेच घात झाला होता. पुस्तक घेऊन तो शौनककडे गेला आणि सगळं खरं सांगितलं. शौनकनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला की तो कापूस केव्हाच गाठीत बांधून गेला, आता सिद्ध काय करणार? आणि तुम्ही एक चूक कबूल केलीत की उद्या फाटकावर पन्नास माणसं उभी राहतील, माझेही ऐंशी गेले म्हणून.

"आणि जाकीरभाई, एक लक्षात घ्या," तो म्हणाला. "मी फक्त वीज वाचवा म्हटलं होतं. टिक तुम्ही केल्यात."

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. जाकीरनं खोलीत येऊन सगळ्या चौकोनांतल्या खुणा पुसल्या आणि ऐंशी किलोचे पैसे स्वतःच्या घरून घेऊन काळीपिवळीनं निमगाव गाठलं.

सरस्वतीबाई ओसरीवर होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं, की चूक माझ्या काट्याची होती, तुमचं सहाशे सत्तर बरोबर होतं. पैसे पुढे ठेवले. बाईंनी पैशांकडे बघितलंसुद्धा नाही. मग त्या सांगायला लागल्या. त्या रविवारी त्या बाजारातून परत आल्या त्या तडक शेतात गेल्या होत्या. सगळ्या बायांदेखत कलाबाईच्या हातातून ताणकाटा काढून घेतला होता. नऊ वर्षं वजन फुगवून मजुरीत मला लुटलंस म्हणाल्या होत्या. कलाबाई शपथा घेत होती, लेकराची शपथ घेत होती, आणि यांनी एकच उत्तर दिलं होतं, की जाकीरभाऊचा काटा खोटं सांगत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! गावातल्या इतर शेतकऱ्यांनीही मग तिला काम देणं बंद केलं. तिच्या टोळीतल्या बाया दुसरीकडे गेल्या. मुलीची सोयरीक बोलायला येणारे पाहुणे आलेच नाहीत.

जाकीर म्हणाला, चला, आत्ताच जाऊन तिला सांगू. बाईंनी मान हलवली. "मी कोन्त्या तोंडानं येऊ भाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. तो एकटाच गेला.

कलाबाईचं घर गावाच्या टोकाला. ती दारात बसून तुरी निवडत होती. चाळिशी उलटलेली, बोटांना बोंडांच्या टोकांचे जुने ओरखडे. जाकीरला तिनं ओळखलं नाही. काट्यावर ती कधी आलीच नव्हती. त्यानं नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला. मग त्यानं झोपलेलं यंत्र, वायर, नौमानची गाडी, सगळं सांगितलं. यंत्राचं तिला कितपत कळलं कोण जाणे. शेवटी तिनं एकच विचारलं.

"बाई तुमाले इचारले आल्ती, तवा तुमी पुस्तक पाह्यलं का?"

"नाही," जाकीर म्हणाला.

"काऊन?"

राग आला होता, असं कसं सांगायचं? तो म्हणाला की मी गावासमोर उभा राहतो, शेतातल्या बायांसमोर, पारावर, म्हणाल तिथे सांगतो की चूक माझी. माझी नोकरी जाईल, जाऊ द्या.

कलाबाई थकल्यासारखी हसली. म्हणाली, कोणत्या शेतातल्या बायांसमोर? पऱ्हाट्या उपटून झाल्या. बाई औंदा सोयाबीन पेरणार, सगळेच पेरणार, वेचायला कापूस नाही आणि मोजायला गाठोडं नाही. परवा आम्ही लेकीला घेऊन कामासाठी सुरतेकडे निघणार. आणि तुम्ही पारावर सांगितलंत तर लोक म्हणतील, हिनं काटेवाल्यालाही फितवलं.

"मले चोर म्हणलं त्याचं एवढं नाही भाऊ," ती म्हणाली. "मी लेकराची आन घेतली तरी बाई म्हणे, जाकीरभाऊचा काटा. तुमी बाकीच्या काटेवाल्यांवानी लबाड असते ना, तं बाईनं माह्यं ऐकलं असतं."

जाकीर तिच्यासमोर उभाच राहिला. बसा म्हणेल असं त्याला वाटत होतं, पण ती म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.